तळटिपा, संदर्भसूची आणि कुडलचा दगड

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे मला समजलं ते असं, की दक्षिण सोलापूर भागातल्या शिलालेखांच्या भाषेवर पीएचडी चालू आहे, चार प्रकरणं लिहून झालीत, टिपा काही पानाखाली आणि काही प्रकरणाच्या शेवटी, संदर्भ अर्धे दोन वह्यांत अर्धे मोबाईलमधल्या फोटोत, संदर्भ लिहायच्या पद्धतीबद्दल गाईड म्हणतात एमएलए करा, डिपार्टमेंटमधले दुसरे सर म्हणतात एपीए, आणि दिवाळीनंतर सबमिशन. शेवटी विचारलंय, "एका प्रकरणात साधारण किती टिपा असाव्यात?" रागावू नका, पण इथं मला हसू आलं. बावीस वर्षं झाली, सोलापुरात बसून लोकांचे थिसिस तपासून देतोय, आधी डीटीपी आणि प्रूफं बघायचो, आता नुसतं संपादन, आणि दरवर्षी निदान चार जण हाच प्रश्न विचारतात. जणू टिपा म्हणजे आमटीतलं मीठ, चवीपुरतं.

आकडा नसतोय ओ त्याला. वाचणाऱ्याच्या मनात "हे तुम्हाला कुठून कळलं?" असं जिथं येईल तिथं टीप, बास. बारा जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली हे वाक्य सोलापूरच्या माणसाने लिहिलं तर त्याला टीप नाही दिली तरी चालतंय, शाळेतल्या पोराला पण माहितीय. पण १९३० च्या मार्शल लॉच्या आधी गोळीबारात किती माणसं गेली असा आकडा टाकलात की लगेच टीप, कारण सरकारी आकडा वेगळा असणार आणि गावात सांगितला जाणारा वेगळा. सगळ्यांना पाठ असलेल्या गोष्टीला टीप लावून पान भरवायचं आणि वादाच्या गोष्टीला मोकळं सोडायचं, हा उलटा प्रकार मी सगळ्यात जास्त बघितलाय.

आता तुमच्याच विषयातलं घेऊ. तुमच्या पहिल्या प्रकरणात कुडलचा लेख येणारच, भीमा-सीनेच्या संगमावरचा, हत्तरसंग कुडलचा, शके ९४० चा. त्यातली शेवटची ओळ आख्ख्या जिल्ह्याला पाठ आहे, वाचील तो विजयी होईल या अर्थाची. पण ती छापलेली कशी दिसते बघा. एका ठिकाणी "वाछि तो विजेया होऐवा", दुसरीकडे "वाछितो विजेया होईवा". तोडणी वेगळी, एक अक्षर वेगळं. नुसत्या पर्यटन लेखात हे चालून जातं, पण तुमचा विषयच भाषा आहे ना, मग होऐवा की होईवा यावर तुमचं आख्खं व्याकरणाचं पान उभं राहणार आहे किंवा पडणार आहे. म्हणून इथं टीप दोन ओळींची नको, चांगली सहा-सात ओळींची द्या: मी कुठला पाठ, म्हणजे कुठलं वाचन, घेतला, तो कुणी वाचलेला, कुठं छापलाय, कुठल्या पानावर, दुसरा पाठ कुठं मिळतो, आणि मी प्रत्यक्ष दगड बघितला का कागदावर घेतलेला ठसा बघितला का फोटो. हे शेवटचं कुणीच लिहीत नाही आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.

आणि अक्षरं लावताना एक पथ्य पाळा. दगडावर जे स्पष्ट दिसतंय ते तसंच, झिजलेलं तुम्ही अंदाजाने भरलंत ते चौकोनी कंसात, दोन्हीची सरमिसळ नको. चौकोनी कंस म्हणजे इथं संपादकाचा हात लागलाय अशी खूण. कुठली खूण कशासाठी हे पहिल्या प्रकरणाच्या आधी एका पानावर सांगून ठेवा आणि मग शेवटपर्यंत मोडू नका. शुद्धलेखन तर अजिबात "सुधारू" नका. एका मुलाने टाईप करणाऱ्याकडे जुन्या पत्रांचा मजकूर दिला आणि त्या भल्या माणसाने सगळं ऱ्हस्वदीर्घ नीट करून दिलं, दोन प्रकरणं परत करावी लागली.

"आद्य" हा शब्द वापरताना तर हात आखडता घ्या. मराठीतला पहिला शिलालेख कुठला यावर श्रवणबेळगोळ, अक्षी आणि कुडल अशी तीन गावं भांडतायत. श्रवणबेळगोळच्या "श्रीचावुंडराजें करवियलें" ला आपण शाळेत शके ९०५ शिकलो, पण त्या ओळीवर काळच कोरलेला नाही, तो बाकीच्या गोष्टींवरून काढलेला. अक्षीचा शक कुणी ९३४ वाचतात, कुणी ११३२, म्हणजे दोनशे वर्षांचा फरक. कुडलवर शके ९४० आहे म्हणून आपल्या जिल्ह्याची बाजू भक्कम, मला पण सोलापूरकर म्हणून बरं वाटतं. तरी तुम्ही मजकुरात "आद्य शिलालेख" असं ठोकून दिलंत आणि खाली एक पुस्तक टिपेत टाकलंत तर ती टीप नाही, ती आड लपायची जागा झाली. मजकुरात लिहा की काळाचा उल्लेख असलेला मराठीतला जुन्यात जुना लेख म्हणून कुडलचा दावा मांडला जातो, आणि वाद कुणाकुणाचा, कशावरून, ते टिपेत. म्हणजे वाचणाऱ्याची लय तुटत नाही आणि ज्याला खोलात जायचंय त्याला वाट मिळते.

हे एवढं का सांगतोय, तर माझी स्वतःची फजिती झालेली आहे. एम.फिल.च्या वेळी मी एका जुन्या ग्रंथाचा संदर्भ दिला, पान नंबरसकट, ऐटीत. ग्रंथ मी बघितलेलाच नव्हता, दुसऱ्या एका पुस्तकाच्या टिपेतून उचललेला. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी हळूच विचारलं, "कुठली आवृत्ती बघितली तुम्ही?" मी म्हणलं पहिली. ते म्हणाले, पहिल्या आवृत्तीत एवढी पानंच नाहीत. खोलीत पंखा फिरतोय तेवढाच आवाज. ज्याच्याकडून मी उचललं त्याने दुसऱ्या आवृत्तीचं पान दिलेलं आणि आवृत्ती लिहायची राहिलेली, त्याची चूक माझ्या गळ्यात. तेव्हापासून नियम एकच, जे डोळ्यांनी बघितलं त्याचाच संदर्भ. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलं तर सरळ लिहायचं, अमुक यांचं मत, उद्धृत, तमुक यांचा ग्रंथ, पान इतकं, आणि सूचीत फक्त तो तमुकच. त्यात कमीपणा काही नाही. सगळी मूळ साधनं सोलापुरात बसून कुणाला मिळतात?

टिपांचे प्रकार विचारलेत, ते पटकन सांगतो. संदर्भटीप म्हणजे कुठून घेतलं, अर्थटीप म्हणजे अवघड शब्दाचा अर्थ, पाठभेदाची टीप म्हणजे दुसऱ्या पोथीत वा दुसऱ्या वाचनात काय आहे, आणि चौथी स्पष्टीकरणाची, जिच्यात लोक वाट्टेल ते कोंबतात. मजकुरात बसलं नाही पण काढून टाकायला जीव होत नाही असं सगळं त्या चौथीत जातं. मी एक साधी कसोटी लावतो, ती टीप काढली तर मुद्दा लंगडा होतो का? होत असेल तर ती मजकुरात घ्या, होत नसेल आणि वाचणाऱ्याला काही मिळतही नसेल तर फेकून द्या. अर्धं पान टीप आणि वर चार ओळी मजकूर असं पान दिसलं की परीक्षकाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पाठभेद कसे मांडायचे याचा चांगला नमुना आपल्या गावातच छापला गेलाय हे खूप जणांना ठाऊक नसतं. जीवराज जैन ग्रंथमालेतला पहिला ग्रंथ, तिलोयपण्णत्ती, १९४३ साली सोलापुरातून निघाला, आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादित केलेला. प्राकृत येत नसलं तरी एकदा उघडून नुसती पानांची मांडणी बघा. वर मूळ गाथा, आणि हस्तलिखितातला वेगळा शब्द पानाच्या तळाशी. वाचणारा वर मूळ वाचतो, खाली डोळा टाकला की कळतं इथं हस्तलिखितांचं एकमत नाही. ऐंशी वर्षांपूर्वी खिळे जुळवून केलंय हे, आणि आपण कॉम्प्युटर असून टीप दुसऱ्या पानावर पळाली म्हणून रडतो.

पानाखाली का प्रकरणाच्या शेवटी, यावर माझं मत पक्कं आहे. तुमच्यासारख्या विषयात, जिथं पाठ आणि अर्थ सारखे बघावे लागतात, तिथं तळटीपच. अंत्यटिपा दिल्या की परीक्षक एक बोट मजकुरात आणि एक बोट प्रकरणाच्या शेवटी घालून वाचत बसतो आणि तिसऱ्या प्रकरणानंतर वाचणंच सोडतो. विद्यापीठाच्या नियमावलीत अंत्यटीपच हवी असं असेल तर इलाज नाही, आधी ती नियमावली काढा, गाईडचं तोंडी नको. आणि हाताने आकडे टाकून खाली रेघ मारून टिपा लिहिल्या असतील (तुमच्या वर्णनावरून तसंच वाटतंय) तर ते आजच थांबवा. वर्डमध्ये कंट्रोल, आल्ट आणि एफ एकदम दाबलं की टीप आपोआप तयार होते, कंट्रोल आल्ट डी ने अंत्यटीप, मध्ये नवीन घातली की पुढचे आकडे आपापले सरकतात. आकडे देवनागरी हवेत तर टिपेच्या सेटिंगमध्ये नंबर फॉरमॅट बदलता येतो. थिसिसभर एकच ठेवा म्हणजे झालं, मजकुरात १९६३ आणि टिपेत इंग्रजी आकडे असं नको.

"तत्रैव" हा एक छुपा चोर आहे. मागच्या टिपेतलंच पुस्तक परत आलं की तत्रैव लिहायची आपल्याकडे जुनी पद्धत, दिसायला पण विद्वान वाटतं. पण तुम्ही दोन महिन्यांनी मध्ये एक नवीन टीप घातलीत की तत्रैव बिचारं नव्या टिपेकडे बोट दाखवायला लागतं आणि तुम्हाला पत्ताच नसतो. "पूर्वोक्त" चं तर आणखी अवघड, एकाच लेखकाची तीन पुस्तकं असतील तर कुठलं पूर्वोक्त? संदर्भ लिहायच्या शिकागो पद्धतीच्या नियमपुस्तकाच्या २०१७ च्या आवृत्तीनेही तत्रैवसारख्या खुणांपेक्षा छोटं नाव द्या असंच सुचवलंय. पहिल्यांदा पूर्ण तपशील, नंतर आडनाव, पुस्तकाचं छोटं नाव आणि पान. चार अक्षरं जास्त लागतात, लागू द्या.

शकाचं गणित पण टिपेत येणार तुमच्या. सगळे डोळे झाकून ७८ मिळवतात, शके ९४० म्हणजे इ.स. १०१८, ते बरोबर आहे, पण महिना पौष, माघ, फाल्गुन असला तर बहुतेक वेळा इंग्रजी साल पुढं गेलेलं असतं आणि ७९ मिळवावे लागतात. आपल्या गड्ड्याच्या यात्रेवरून लक्षात ठेवा. २०२४ च्या संक्रांतीला जत्रा भरली तेव्हा शके १९४५ चालू होतं, १९४५ आणि ७९. लेखात महिना नसेल तर दोन्ही सालं तिरकी रेघ देऊन लिहा, उगाच एक निवडू नका. आणि मूळ शक कधीही खोडू नका, तुमचं रूपांतर त्याच्या शेजारी, त्याच्या जागी नाही.

आता एमएलए की एपीए. खरं सांगू का, यात जेवढा वेळ लोक घालवतात तेवढा अर्धा वेळ पान नंबर तपासण्यात घालवला तर बरं. मराठी, इतिहास, साहित्य असल्या विषयाला एमएलए किंवा शिकागो सोयीचं पडतं कारण पुस्तक आणि पान महत्त्वाचं, एपीएमध्ये साल पुढं येतं कारण मानसशास्त्र-शिक्षणशास्त्रात कालचा अभ्यास की परवाचा हे आधी बघतात. तेच एक पुस्तक दोन्हीकडे असं दिसेल. एमएलए: तुळपुळे, शं. गो., संपा. प्राचीन मराठी कोरीव लेख. पुणे विद्यापीठ, १९६३. एपीए: तुळपुळे, शं. गो. (संपा.). (१९६३). प्राचीन मराठी कोरीव लेख. पुणे विद्यापीठ. फरक बघा केवढासा आहे. तुमचे गाईड सही करणार आहेत ना, मग ते म्हणतात ते करा, दुसऱ्या सरांना नमस्कार करा आणि पुढं चला. फक्त ग्रंथाचं नाव इटालिक करा असं नियमात असतं ते देवनागरीला शोभत नाही, अक्षरं पडल्यासारखी दिसतात, त्यापेक्षा ठळक करा किंवा एकेरी अवतरणात घ्या आणि तसं सुरुवातीला सांगा.

वरच्या नोंदीत पुणे विद्यापीठ लिहिलं ते मुद्दाम. आज त्याचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे, पण १९६३ च्या पुस्तकावर जे छापलंय तेच सूचीत येणार. आपल्याकडे तर हा घोळ दुप्पट. आपलं विद्यापीठ २००४ चं, त्याच्या आधी सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली, आणि २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. म्हणजे एकाच कॉलेजातल्या एकाच डिपार्टमेंटमधले तीन थिसिस तीन वेगवेगळ्या नावांनी सूचीत येऊ शकतात आणि तिन्ही बरोबर. तसंच १८८४ चं जुनं गॅझेटियर, त्याच्यावर "शोलापूर" असं स्पेलिंग आहे, ते तसंच ठेवा. आणि ते गॅझेटियर वेबवर टाईप केलेल्या मजकुराच्या रूपात वाचलं असेल तर त्याला पानं नसतात, तिथं छापील पान देऊ नका, खंड, प्रकरण आणि उपशीर्षक द्या. छापील पान हवं असेल तर स्कॅन शोधा.

नावांचं प्रकरण सोलापुरात जरा जास्तच रंगतं, आपलं गावच मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू असं चौरंगी. मराठी नावाला सवयीने आडनाव आधी करतो, ठीक. पण संतांना, जुन्या कवींना आडनाव लावू नका, ज्ञानेश्वर हे ज्ञानेश्वरच, एकनाथ एकनाथच. आपले सिद्धरामेश्वर पण सिद्धराम असेच स मध्ये येतील. तेलुगू लोकांत घराण्याचं नाव मुळातच आधी असतं, ते तुम्ही पुन्हा उलटं केलंत की माणसाचं नाव आडनाव होऊन बसतं, सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुणाही तेलुगू माणसाला विचारा, तो हसेल. कानडी नावात पुढची आद्याक्षरं गावाची किंवा वडलांची असू शकतात. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे तसं ठेवा, शंका असली तर विचारा, सोलापुरात कानडी जाणणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो.

टोपणनावांचं पण तेच. द. रा. बेंद्रे १९४४ ते १९५६ आपल्या दयानंद कॉलेजात कानडी शिकवायला होते, कविता लिहायचे अंबिकातनयदत्त या नावाने. आता सूचीत ते अ मध्ये की ब मध्ये? पुस्तकावर जे नाव आहे त्याखाली मुख्य नोंद, आणि दुसऱ्या अक्षराखाली नुसतं एक बोट दाखवायचं, "बेंद्रे, द. रा. पाहा अंबिकातनयदत्त". कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांचंही असंच. बायकांची लग्नाआधीची आणि नंतरची नावं असतात तेव्हा पण हीच युक्ती. एकाच लेखिकेला दोन बायका करून टाकलेली सूची मी स्वतः पकडलीय, आणि परीक्षक त्याच लेखिकेचे विद्यार्थी होते. बघा आता.

वर्णक्रमावर तर एक रात्र गेली होती माझी. कॉम्प्युटरला सॉर्ट सांगितलं की तो लावतो, पण त्याच्या डोक्याने. आपण शाळेत क्ष आणि ज्ञ शेवटी शिकलो, मशीनला क्ष म्हणजे क ला ष जोडलेला, म्हणून क्षीरसागर क मध्ये जाऊन बसतात. बरेच कोशही असंच करतात, त्यामुळे ते चूक नाही, पण एक काहीतरी ठरवा. ळ ला आपण ह नंतर म्हणतो, युनिकोडमध्ये तो ल च्या लगेच पुढं. आणि सगळ्यात बेरकी भानगड ॲ ची. ॲड, ॲकॅडमी यातला ॲ दोन तऱ्हांनी टाईप होतो, एक आख्खं स्वतंत्र अक्षर आणि एक अ वर चंद्र ठेवून. स्क्रीनवर दोन्ही सारखे, पण मशीनला वेगळे, त्यामुळे अर्ध्या नोंदी एकीकडे अर्ध्या दुसरीकडे, आणि शोधलं तर सापडत नाही. फाइंड-रिप्लेस करून एकच ठेवा. जुनी प्रकरणं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप झालेली असतील तर कन्व्हर्ट केल्यावर ऱ्या आणि रफार एकेक करून बघा, "दुसऱ्या" चं काहीच्या बाही होतं. मराठी, कानडी, इंग्रजी अशा तीन वेगळ्या सूच्या करा, एकत्र नको. कानडी पुस्तकाचं नाव देवनागरीत लिहून पुढं मराठी अर्थ चौकोनी कंसात.

मुलाखती घेतल्यात म्हणताय, गावातल्या म्हाताऱ्यांच्या, पुजाऱ्यांच्या. त्याला टीप अशी: कोण, काय म्हणून, कुठं, कुठल्या तारखेला, कुठल्या भाषेत बोलणं झालं, रेकॉर्डिंग आहे का वहीत टिपलं. कानडीत बोलले आणि तुम्ही मराठीत लिहिलंत तर "अनुवाद माझा" हे दोन शब्द सोडू नका. नाव छापायला त्यांची हरकत नाही ना हे आधी विचारा, नको म्हणाले तर बदललेलं नाव आणि ते बदललंय असं सांगून. लेखांचा इतिहास सांगणारे व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड मात्र संदर्भ म्हणून नकोत ओ, त्यात दिलेलं मूळ शोधा, सापडलं नाही तर सोडून द्या. वेब पानाला बघितल्याची तारीख टाकायचीच, पान उद्या गायब होतं, जमलं तर वेबॅक मशीन या जुनी वेब पानं जपणाऱ्या साइटवर साठवून तो पत्ता द्या.

सिमिलॅरिटीची, म्हणजे थिसिसचा मजकूर दुसऱ्यांच्या मजकुराशी किती टक्के जुळतो त्याची, भीती घातलीय तुम्हाला कुणीतरी. यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत, दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, दहा ते चाळीसमध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचं, चाळीस ते साठला एक वर्ष बंदी, साठच्या वर रजिस्ट्रेशन रद्द. अवतरणात घेऊन संदर्भ दिलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे त्यात धरायचं नसतं. म्हणून शिलालेखांचे मूळ पाठ नीट अवतरणात आणि टीप लावून असले की रिपोर्टमध्ये ते दिसले तरी उत्तर तुमच्याकडे असतं. पण दहा टक्के माफ आहेत म्हणजे दहा टक्के उचलायचा परवाना मिळाला असं समजणारी पण मंडळी आहेत, त्यांच्यात जाऊ नका. संदर्भ दिला पण शब्द न् शब्द दुसऱ्याचा आणि अवतरणचिन्ह नाही, ही पण चोरीच धरतात.

आता दिवाळीपर्यंत काय करायचं. सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर झोटेरो फुकट आहे, चांगलं आहे, पण सबमिशनच्या तोंडावर नवीन गाडी शिकायला घेऊ नये असं माझं मत, पुढच्या कामाला घ्या. आत्ता साधी एक्सेल शीट करा, एका ओळीत एक पुस्तक: लेखक जसा छापलाय तसा, नाव, संपादक, आवृत्ती, प्रकाशक, गाव, साल, मी कुठं बघितलं, आणि शेवटचा रकाना, कुठल्या प्रकरणात वापरलं. मोबाईलमधल्या फोटोंतून आधी हे भरा. आमच्या वेळी लग्नपत्रिका कापून पाठकोऱ्या बाजूवर एकेक नोंद करायचो आणि चादरीच्या रिकाम्या खोक्यात अक्षरावार लावायचो, माझं ते खोकं अजून माळ्यावर आहे. आवृत्ती आणि "कुठं बघितलं" हे दोन रकाने मोकळे राहिले तर त्या पुस्तकाकडे परत जावं लागणार हे पक्कं.

शीट झाली की चारही प्रकरणांच्या टिपांची प्रिंट काढा. लाल पेन घ्या. प्रत्येक टीप वाचायची आणि सूचीत त्या नोंदीवर टिकमार्क करायची. टीप आहे पण सूचीत नाही, ती नोंद वाढवा. सूचीत आहे पण एकही टिकमार्क नाही, ते पुस्तक वापरलेलंच नाही, काढा. इथं लोकांचा जीव वर-खाली होतो, तीनशेची सूची एकशे ऐंशीवर येते. येऊ दे. परीक्षक आख्खी सूची वाचत नाहीत, मधली पाच-सहा नावं निवडतात आणि त्यातलं एखादं पुस्तक काय म्हणतं ते विचारतात. एका बैठकीत चाळीसच्या वर टिपा तपासू नका, डोळे फसवायला लागतात. पान नंबर दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, घरातल्या कुणालाही बसवा, तुम्ही आकडा वाचा आणि त्याला पुस्तक उघडून बघू द्या.

आणि कुडलचा फोटो तुमच्या थिसिसमध्ये दुसऱ्याचा आहे असं तुम्ही लिहिलंय, त्याला परवानगी आणि श्रेय दोन्ही लागेल. आनंद कुंभार यांनी हा लेख उजेडात आणला, त्यांचं आणि श्रीनिवास रित्ती यांचं जिल्ह्यातल्या शिलालेखांवरचं १९८८ चं इंग्रजी पुस्तक तुमच्या हाताशी असायलाच हवं, पण फोटो तुम्ही स्वतः काढा की. सोलापुरातून जाऊन यायला एक दिवस पुष्कळ झाला. सकाळी लवकर पोचा, ऊन तिरपं असतं तेव्हा अक्षरांच्या कडा उठून दिसतात, दुपारी डोक्यावरच्या उजेडात सगळं सपाट होऊन जातं. उजेड कमी पडला तर कुणाला तरी बाजूने टॉर्च धरायला सांगा, समोरून नको. खडू किंवा पावडर दगडाला अजिबात लावू नका. शेजारी एक पट्टी ठेवून फोटो घ्या म्हणजे अक्षराचं माप कळेल, आणि तो "होऐवा" चा मधला भाग जवळून चार-पाच वेळा घ्या. घरी आल्यावर मला पाठवा, मला पण तो बघायचाय.